चार बोटं वर

‘माझ्या मुलीची वाढ खुंटली तर नसेल ना?’ प्रश्न एवढाच. दिवसा कामाच्या धबडग्यात तो कोपऱ्यात गप्प पडून असतो, आणि आईची पाठ अंथरुणाला टेकली की उठून बसतो. या प्रश्नाने तिच्या कित्येक रात्री खाल्ल्या. आणि त्याला या घरात घेऊन आले ती मी.

मी उंची मोजायची पट्टी बोलतेय. तशी मी कागदाचीच, पण वरून चकचकीत थर दिलाय, त्यामुळे हाताला गार लागते आणि उगाच भारी वाटते. माझ्यावर एक जिराफ आहे. त्याचे पाय माझ्या तळाशी, डोकं माझ्या टोकाला आणि मधल्या लांबलचक मानेवर आकडे. जिराफ हसतो. त्याला दुसरं काही येत नाही. आकडे असल्यामुळे लोक माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. माणसाचं बोलणं माणसं दहादा पारखून घेतील, पण छापील आकड्याला ‘तू कुठून आलास रे बाबा?’ असं कुणी विचारत नाही.

मला मात्र माहीत आहे, मी कुठून आले ते.

छापखान्यात माझा पहिला नमुना टेबलावर पसरला होता. एका बाजूला चित्रकार मुलगी, दुसऱ्या बाजूला कंपनीचा साहेब. कंपनी मुलांची उंची वाढवणारी, दुधात घालायची पूड विकते. पुडीचं नाव मी सांगणार नाही. नाव तीनदा कानावर पडलं की हात आपोआप त्या डब्याकडे जातो, हे मी पुढे ऐकलं, आणि तेवढं पाप आता मला नको.

माझ्या अंगावर जागोजागी हिरवी पानं आहेत. प्रत्येक पानात एक वय. त्या वयाच्या मुलाचं डोकं त्या पानापर्यंत पोचलं पाहिजे, असा त्याचा अर्थ.

चित्रकार मुलगी म्हणाली, “सर, ही पानं पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा वर गेलीत.”

“जाऊ देत की.”

“पण मग बरीच मुलं खाली राहतील.”

साहेब हसला. वाईट माणूस नव्हता तो. तिला चहा हवाय का, हेही त्याने मधेच विचारलं. मग म्हणाला, “पोरगं पट्टीला बरोबर निघालं, तर आई डबा कशाला घेईल? सांग ना.”

तिने पानं तिथेच ठेवली. वापरायची सूचना कुठे टाकू, असं विचारल्यावर तो म्हणाला, “टाक तळाशी, बारीक. जिराफाच्या पायात येऊ देऊ नकोस.”

तर असा माझा जन्म. मग मला गुंडाळून, रबर लावून, एका डब्यासोबत पाठवलं गेलं ते आवाज ध्वनिमुद्रित करायच्या स्टुडिओत. तिथे मला ही आई भेटली.

ही आवाजाचं काम करते. जाहिराती बनतात दुसऱ्याच भाषेत. पडद्यावरच्या बाईचे ओठ तिकडचे आणि त्यात घालायचा आपल्या भाषेतला आवाज हिचा. साबण, तेल, फरशी पुसायचं औषध, सगळ्यांची आई, बायको, शेजारीण हीच. चेहरा कुणाला माहीत नाही. रस्त्यावर ओळखत नाही कुणी. भाजीवाल्याशी घासाघीस करताना मात्र तो जरा दचकून बघतो म्हणे.

त्या दिवशीची जाहिरात अशी होती. दोन छोट्या मैत्रिणी दारासमोर उभ्या. एकीचा हात दाराच्या घंटीपर्यंत पोचतो, दुसरीचा पोचत नाही. शेजारीण म्हणते, “अगं बाई, ही अजून एवढीशीच?” आईचा चेहरा पडतो. मग पांढरा कोट घातलेला गृहस्थ येतो. मग पूड, चमचा, दूध. मग तीच छोटी जिराफाच्या पट्टीला पाठ लावून उभी राहते आणि बघता बघता सर्रकन वाढते, घंटी वाजवते. आई तिला जवळ घेते आणि म्हणते, “मी आई आहे ना. मला कळतं.” आणि त्या वेळी पडद्याच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं पळतात, की हे सगळं काल्पनिक आहे.

काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला, “ताई, छान आहे, पण तुम्ही वाचताय. वाचू नका. घाबरा.”

“घाबरलेच आहे की, पाचव्यांदा म्हणतेय.”

“तुम्हाला मुलगी आहे ना? तिच्याकडे बघताना पोटात जे होतं, ते द्या मला.”

तिने डोळे मिटले. कुणाला आठवलं ते उघड आहे. आणि मग म्हणाली, “मी आई आहे ना. मला कळतं.” शेवटच्या शब्दावर आवाज किंचित थरथरला, पाण्याच्या भांड्याला धक्का लागावा तसा. आवाज मुद्रित करणारा माणूस म्हणाला, “मॅडम, आता मलाच घरी जाऊन पोरांना मोजावंसं वाटतंय.”

ती हसत बाहेर आली, डोळे पुसत. “काळजी माझ्याकडे घाऊक भावात आहे. आज जरा किरकोळ विकली.” निघताना तिच्या हातात डबा आणि मी.

घरी येताना पिशवीत मी तिचं बोलणं ऐकत होते. ती फोनवर बहिणीला सगळी कला उलगडून सांगत होती. “अगं, ठरलेलं असतं गं. आधी घाबरवायचं. मग लाज आणायची, म्हणून ती शेजारीण. मग पांढरा कोट. तो डॉक्टर नाहीये काही, मालिकेत दारुड्याचं काम करतो तो! कोट घातला की झाला डॉक्टर. मग चमत्कार. मग आई, कारण आईशी कोण वाद घालणार? आणि नाव तीनदा, चालीवर. खाली बारीक अक्षरं, ती कुणी वाचत नाही.”

पलीकडून बहिणीने काहीतरी विचारलं.

“मुंगीला? वेडी आहेस का! मी देईन ती पूड?” पिशवी तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, “पट्टी मात्र छान आहे हं. फुकट मिळालीय. लावते तिच्या खोलीत.”

फुकट. हाही एक फासा होता. तो तिला यादीत धरायचा राहिला.

मुंगी म्हणजे तिची मुलगी. वय सात. आजीने, म्हणजे आईच्या सासूबाईंनी, ठेवलेलं नाव, कारण लहानपणी साखरेचा डबा कुठेही लपवला तरी ही तिथे पोचायची. डोळे मोठे, दात पडलेले, एका जागी बसेल तर शपथ.

मला भिंतीवर लावायचा सोहळा आईनेच केला. भिंतीच्या पायथ्याशी फरशीची एक उभी किनार असते, बाहेर आलेली. तिच्यावर मी काही केल्या चिकटेना. तळ सुटायचा, वळायचा. आईने दोन-तीनदा दाबलं, वैतागली, आणि मला उचलून त्या किनारीच्या वर, सपाट भिंतीवर चिकटवलं. जमिनीपासून चार बोटं वर.

मुंगीचा बाबा दारात टॉवेल घेऊन उभा होता. “सरळ आहे का बघ,” ती म्हणाली.

“सरळ आहे.”

सरळ मी होतेच. माझ्या तळाशी, जिराफाच्या खुरांखाली, बारीक अक्षरांत लिहिलं होतं : ‘पट्टीचा तळ जमिनीला टेकवा.’ बारीक अक्षरं कुणी वाचत नाही, असं बहिणीला हसून सांगणाऱ्या बाईने ती वाचली नाहीत.

वाचक हो, तुम्हाला हे आत्ताच कळलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एवढाच आपल्यात फरक, आणि मला तोंड नाही. जिराफाला आहे, पण ते फक्त हसतं.

पहिल्या दिवशी मुंगी धावत येऊन मला पाठ लावून उभी राहिली. आईने तिच्या डोक्यावर वही आडवी धरली, पेन्सिलने रेघ ओढली आणि मग सातचं पान शोधलं. ते वर होतं. बरंच वर.

“नीट उभी राहा गं.”

“नीटच आहे.”

“टाचा टेकव. मान वर. पाय जवळ.”

रेघ तिथेच आली. आई हसली आणि म्हणाली, “अजून वेळ आहे की.” पण ते हसणं कामाचं होतं. मी स्टुडिओत ऐकलेलं.

त्या संध्याकाळी तिने घरात जाहीर केलं, “आजपासून हिला मुंगी म्हणायचं नाही.”

“मग काय म्हणायचं? हत्ती?” सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या हातातून रिमोट सहसा सुटत नसे आणि तोंडातून टोमणा चुकत नसे.

“नाव आहे ना तिला चांगलं.”

“आहे, पण त्या नावाने हाक मारली की ती मागे वळून बघते, दुसरं कोण आलंय म्हणून.”

नवरा मधे पडला. “शाळेच्या तपासणीच्या कार्डावर ठीक आहे म्हणून लिहिलंय. वाचलंयस ना तू?”

“शाळेची पट्टी लाकडी आहे, घासून घासून झिजलेली. एकेकाला ढकलून मोजतात. इथे बघ, स्पष्ट छापलंय.”

माझी बाजू घेऊन कुणी भांडावं, अशी माझी लायकी नव्हती. पण भांडली ती.

आता या घरातला एक खेळ सांगते. माझ्या समोर दार आहे आणि दारातून बाहेरच्या खोलीतला टीव्ही दिसतो. जाहिराती लागल्या की आई आवाज बंद करायची आणि मुंगीला विचारायची, “ओळख, काय विकतायत? आणि कसे फसवतायत?”

मुंगी पक्की तयार झाली होती. “ते काका आधी चिखलात पडले. मग सगळे त्यांना हसले. म्हणजे लाज. मग एक खेळाडू आला, त्याचा आणि चिखलाचा काही संबंध नाही. मग सगळे नाचले. साबण!”

“शाब्बास!”

“आणि खाली मुंग्या धावल्या.” बारीक अक्षरांना ती मुंग्या म्हणायची.

शेजारच्यांना आई कौतुकाने सांगायची, “माझ्या मुलीला कुणी काही विकू शकणार नाही.” आणि सांगता सांगता दाराच्या लाकडाला हात लावायची.

मग एके दिवशी ती जाहिरात लागली. आईची. आवाज बंद करायला उचललेला रिमोट सासूबाईंनीच हिसकावला. “थांब, थांब! सूनबाईचा आवाज!” बाबाने पंखासुद्धा कमी केला. मुंगी तोंड उघडं टाकून बघत राहिली. शेवटी ती बाई म्हणाली, “मी आई आहे ना. मला कळतं.” आणि घरात टाळ्या पडल्या.

“आई, तुझा आवाज त्या काकूच्या तोंडात कसा?”

“ती टीव्हीतली आई. बोलते मी, ओठ हलवते ती.”

“म्हणजे ती खरं बोलते?”

आता इथे आईने सांगायला हवं होतं. ती सांगणारही होती, तोंड उघडलं होतं तिने. पण सासूबाईंचे डोळे भरून आले होते, नवरा हिच्या बहिणीला फोन लावत होता, आणि स्वतःच्या कामाला आपल्या पोरीसमोर खोटं म्हणायला जीभ कुणाची रेटते? ती म्हणाली, “चल, हात धू. जेवायचंय.”

त्या दिवशी मुंगीच्या मनात जगातल्या जाहिरातींचे दोन भाग पडले. बाकीच्या फसव्या. ही एक आईची. तिला आवाज बंद करायचा नसतो आणि फसवणूक शोधायची नसते.

पूड घरात सुरू व्हायला मग वेळ लागला नाही. सासूबाईंनी टोमणा मारला, “लोकांच्या पोरांना चांगलं आणि आपल्या पोरीला नको? टीव्हीवर एक, घरात एक?” आई म्हणाली, “अहो आई, त्यात साखरेशिवाय काही नसतं.” तरी डब्याचं झाकण उघडलं. देऊन बघायला काय जातंय, असं स्वतःशीच पुटपुटली. हे वाक्य कुठल्याही जाहिरातीत नसतं. ते प्रेक्षक घरून आणतो.

आधी सकाळी दूध, मग सकाळ-संध्याकाळ. पोट पुडीनेच भरायचं, मग ताटातलं उरायचं. ताटातलं उरलं की आईची काळजी वाढायची, आणि काळजी वाढली की चमचा शिगोशीग व्हायचा. आठवड्याच्या सुट्टीला मोजमाप. रेघेवर रेघ, जवळजवळ तिथेच. मुलं वाढतात ती गवतासारखी, बघत बसलं की वाढताना दिसत नाहीत. पण आईला बघत बसल्याशिवाय राहवत नव्हतं.

मुंगी मोजायच्या आधी गप्प व्हायला लागली. ती बुटात कागदाच्या घड्या घालून शाळेत जायची. संध्याकाळी पाय सोलवटलेले असायचे, मोजे ती स्वतःच धुवायची. झोपताना हातपाय ताणून काठीसारखी पडायची, कारण गोळा होऊन झोपलं की माणूस आखूड होतो असं तिला वाटायचं. साखरेच्या डब्याकडे फिरकेनाशी झाली. आई लाडाने समजवायला लागली की म्हणायची, “आई, टीव्हीतला आवाज काढू नकोस ना.”

आई दचकायची. “मी कुठे काढला?”

खरंच काढलेला असायचा. तिचं तिला कळायचं नाही. हातोडीवाल्याला सगळीकडे खिळे दिसतात. हिला समजावणं म्हटलं की तोच सूर लागायचा, शेवटच्या शब्दावर थरथरणारा.

आता ती दुपार. सांगायला नको वाटतं, पण ती सोडली तर माझ्या गोष्टीत उरतं काय? एक जिराफ.

शाळेला सुट्टी होती. आई स्टुडिओत, बाबा कामावर. सासूबाई बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर पेंगत होत्या. मुंगी स्वयंपाकघरातून डबा घेऊन आली. चमचाही आणला होता, मोठा, आमटी वाढायचा. दूध नव्हतं. दूध तापवायला तिला परवानगी नव्हती, ती आज्ञाधारक मुलगी होती.

ती मला पाठ लावून उभी राहिली. टाचा टेकवल्या. मान वर. पाय जवळ. टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या तशी ती थांबली. वाट बघत होती. मग ती जाहिरात आली. पडद्यावरच्या मुलीने पेला तोंडाला लावला, तशी हिने चमचाभर कोरडी पूड तोंडात टाकली. एक हात डोक्यावर ठेवला, वळून माझ्याकडे पाहिलं. काही झालं नव्हतं. पडद्यावरची सर्रकन वर गेली होती. हिने घाईघाईने दुसरा चमचा भरला. तोंडात पहिली पूड तशीच होती, टाळूला चिकटलेली. दुसरा टाकला, आणि श्वास घ्यायला गेली.

खोकला आलाच नाही. यायला वाट नव्हती. पांढरी पूड नाकातून उडाली. डोळे मोठे झाले. डबा खाली पडला, फरशीवर, माझ्यावर, सगळीकडे पूड. तिने हात मागे नेऊन आधारासाठी मला धरलं. माझ्या कडेला तिच्या नखांची खूण अजून आहे. घरात आई नव्हती. आईचा आवाज होता. “मी आई आहे ना. मला कळतं.”

डबा पडल्याच्या आवाजाने सासूबाई उठल्या. गुडघे धरून चालणारी ती बाई कशी धावली, कुणास ठाऊक. “मुंगे! अगं मुंगे!” बंदी घातलेलं नाव. त्यांनी तिला हातावर पालथं घातलं आणि पाठीत थापा मारल्या, मारत राहिल्या. ओठ निळे पडले होते. शेजारचा माणूस आला, तिला उचलून जिना उतरला. त्यांच्यामागे दार तसंच उघडं राहिलं. टीव्ही चालू. माणसं नाचत होती. काहीतरी विकत होती.

नंतरचं मला भिंतीवरूनच कळलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून. पूड श्वासनळीत गेली होती. नळी घालून काढावी लागली. मग ताप, मग छाती भरली. बाबा कपडे न्यायला यायचा तेव्हा कपाटासमोर नुसता उभा राहायचा. सासूबाई सांगत होत्या, “डॉक्टर म्हणजे अगदीच हा. साधा स्वेटर, खांद्यावर विरलेला. मला आधी वाटलं, औषधं पोचवणारा आहे. कोटसुद्धा नाही!” आणि मग हातातला रिमोट बाजूला ठेवला.

मुंगी वाचली. घरी यायच्या आदल्या दिवशी आई एकटीच आली, खोली साफ करायला. बादली, फडकं. पूड सगळीकडे ओल धरून चिकटली होती, किनारीच्या फरशीवर तर खरवडावी लागत होती. ती गुडघ्यांवर बसली, मग आणखी वाकली, आणि पहिल्यांदा तिचा चेहरा जिराफाच्या खुरांसमोर आला.

तिने वाचलं. ओठ हलले, आवाज नाही.

मग तिने हात पुढे केला आणि माझ्या तळाच्या आणि जमिनीच्या मधल्या जागेत आपली बोटं आडवी ठेवली. चार. बरोबर बसली.

मग शिवणाच्या डब्यातली फीत आणली. जमिनीपासून पेन्सिलच्या शेवटच्या रेघेपर्यंत लावली, पुन्हा लावली. नंतर पिशवीतून इस्पितळाचा कागद काढला. निघताना तिने डॉक्टरांना विचारलंच होतं, “आणि हिच्या उंचीचं काय?” ते क्षणभर बघत राहिले होते म्हणे. “पोरगी श्वास घेतेय बाई, आणि तुम्ही उंची विचारताय?” तरी त्यांनी मोजली, लिहिली आणि म्हणाले, “उंचीला काय झालंय? उत्तम आहे.” कागदावरचा आकडा आणि फितीवरचा आकडा एकच होता. शाळेच्या झिजलेल्या लाकडी पट्टीचाही जवळपास तोच असणार.

ती आधी हसली. तशी हसताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. मग तोंडावर ओलं फडकं दाबून बसून राहिली.

फोन वाजला. स्टुडिओतून. खोलीत दुसरा आवाज नव्हता, त्यामुळे मला पलीकडचंही ऐकू आलं. “ताई, दुसरा भाग करतोय. ती शेवटची थरथर कुणालाच जमत नाहीये हो. उद्या या.”

“माझा घसा बसलाय.”

“उत्तमच की. खरा वाटतो.”

तिने फोन बंद करून पालथा ठेवला. नाही म्हणाली असती तर मला आवडलं असतं. पण ती काही पडद्यावरची आई नव्हे. घर चालवते, घाबरते, आणि नाही म्हणायचं ते मनातल्या मनात म्हणते. एवढंच की अजून ती स्टुडिओत गेलेली नाही.

आज मुंगी घरी आली आहे. बारीक झालीय, घसा खरखरतो. पलंगावर बसून गरम पाणी घोट घोट पितेय. आईने माझा वरचा कोपरा नखाने सोडवला आहे. जिराफाची मान पुढे लोंबतेय, हसू तसंच. मी आता थोड्या वेळाची सोबतीण. फाडतील, जाळतील, काय करतील ते करोत. मला एकच मागणं मागायचं आहे. माझ्यासारख्या किती तरी पट्ट्या आज डब्यांसोबत घराघरांत जातायत. त्यांना भिंतीवर लावायच्या आधी त्यांच्या पायाशी बसा आणि बारीक अक्षरं वाचा. आणि घरात खेळ खेळाल, तर आपल्या माणसाच्या आवाजालाही सूट देऊ नका. त्या आवाजाला तर मुळीच नको.

आई पलंगापाशी खाली बसली आहे. मुंगीचे सोलवटलेले पाय तिने हातात घेतले आहेत.

“मुंगे, ऐक. तू बुटकी नव्हतीसच. कधीच नव्हतीस. मी पट्टी वर चिकटवली होती, चार बोटं. चूक माझी होती. आणि ती पूड, ती जाहिरात, ते सगळं खोटं होतं गं. तू छान वाढतेयस. अगदी छान. मी आई आहे ना…”

शेवटच्या शब्दावर आवाज थरथरला. या वेळी ती थरथर कुणी मागितली नव्हती.

मुंगीने पेला खाली ठेवला. आईच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत राहिली. ते शब्दांबरोबर हलतायत का, ते तपासत असावी. मग दारातून बाहेर, बंद असलेल्या टीव्हीकडे नजर टाकली. मग पुन्हा ओठांकडे.

आणि विचारलं, “हे तू सांगतेयस, की टीव्हीतली आई?”